अडतीस लाख चाळीस हजार कुणाचे?

२ मे, सोमवार

धाकट्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा वाटलं, पुन्हा गोदामातले लोखंडी पाने मोजायला लावणार. पण काम वेगळंच निघालं. यंदापासून कारखान्याचा वार्षिक अहवाल नुसता छापून चालणार नाही. नियामकांकडे तो संगणकाला वाचता येईल अशा रूपात भरायचा, आणि त्यासाठी अहवालातल्या प्रत्येक आकड्याला टॅग लावायचा. मुदत तीस मेची. साहेबांच्या मनात काम बाहेरच्या एजन्सीला द्यायचं होतं. मी म्हटलं, चोवीस वर्षं हे आकडे पोरांसारखे वाढवले मी, आणि नावं ठेवायची परक्याने? ते हसले आणि हो म्हणाले.

जोडीला एक नवी मुलगी दिली आहे. ती टॅगचं शिकून आली आहे. कामाची आहे, पण बोलते कॉलरच्या आत. हल्ली सगळेच तसे बोलतात.

आमचे हे म्हणाले, झेपेल का? मी म्हटलं, मोठ्याने विचारा, म्हणजे मोठ्याने उत्तर देते.

३ मे, मंगळवार

टॅग म्हणजे काय ते आज समजलं. इतकं सोपं की राग आला, आजवर कुणी असं सांगितलं कसं नाही.

नवीने फळ्यावर लिहिलं, ४१२. मग म्हणाली, मॅडम, हे काय आहे ते सांगा. मी म्हटलं, विक्री. तिने विचारलं, कुणाची? आपल्या एकट्या कारखान्याची, की बाजूची पॅकिंगची कंपनी धरून? कधीची? वर्षभराची, की वर्षाच्या शेवटच्या दिवसाची? कशात मोजलेली, लाखांत की नगांत? छापील पानावर हे सगळं आजूबाजूला असतं. वर मथळा, बाजूला वर्ष, कोपऱ्यात 'लाखांत'. डोळा ते उचलतो आणि आपल्याला वाटतं की आकडाच बोलला. संगणकाला आजूबाजू नसते. त्याच्यासाठी आकड्याने आपला पत्ता खिशात घेऊनच घराबाहेर पडायचं. काय, कुणाचं, कधीचं, कशात. यातलं एक जरी राहिलं तर ४१२ म्हणजे बेवारस पोर.

संध्याकाळपर्यंत ऐंशी आकडे लावले. नवी म्हणाली, पहिल्या दिवशी इतके कुणाचेच होत नाहीत. माझे व्हायचेच होते.

५ मे, गुरुवार

ताळा जमेना. साठ्याच्या तपशिलात दहाचा फरक येत होता. अर्धा दिवस गेला. शेवटी सापडलं की नवी वाचून दाखवत होती ते 'एकोणसाठ', आणि मी भरलं होतं 'एकोणसत्तर'. मी तिला म्हटलं, बाळ, आकडा म्हणजे गाणं नाही, स्पष्ट उच्चार. थोड्या वेळाने ती म्हणाली, यापुढे मी आकडे चिठ्ठीवर लिहून देत जाईन. बघा, एकदा सांगितलं की सुधारतात. आता उजव्या बाजूला खुर्ची घेऊन बसते. आधी डावीकडे बसायची.

९ मे, सोमवार

तीनशे चाळीस आकडे झाले आणि आज एकाशी गाठ पडली.

देण्यांच्या बाजूला एक ओळ आहे. 'इतर तरतुदी, ३८.४० लाख.' तरतूद म्हणजे पुढे द्यावे लागतील म्हणून बाजूला काढून ठेवलेले पैसे. टॅगांची यादी विचारते की कशाची तरतूद? हमीची, कोर्टकज्ज्याची, कामगारांची, की पडझडीची? एक निवडा. मागच्या वर्षीचा अहवाल काढला, तिथेही ३८.४०. त्याआधीचाही तोच. चौदा वर्षं एक पैसा वाढला नाही की कमी झाला नाही. नवीने विचारलं, कशाची आहे मॅडम? आणि मला सांगता येईना.

हे इथे लिहायलाही जड जातंय. शेवटची सहा वर्षं त्या पानावर तपासणीची सही माझी आहे. दरवर्षी त्या ओळीसमोर मी बरोबरची खूण केली. कशावरून? मागच्या वर्षाशी जुळतं म्हणून. इतकंच.

लेखापरीक्षकांना फोन केला. त्यांचा फोन नेहमीचाच, भांड्यात बोलल्यासारखा. तीनदा विचारलं तेव्हा कळलं. कारण सापडत नसेल तर देणंच नाही असं धरून रक्कम नफ्यात परत घ्या, म्हणाले. धाकट्या साहेबांना हे आवडलं. बँकेकडून नव्या यंत्रांसाठी कर्ज घ्यायचंय, नफा अडतीस लाखांनी फुगला तर वाईट काय? मी आठ दिवस मागून घेतले.

१३ मे, शुक्रवार

गुरुजींकडे जाऊन आले. गुरुजी म्हणजे आमचे जुने मुख्य हिशेबनीस. शिकवण्याची हौस म्हणून सगळे गुरुजी म्हणायचे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. त्या ओळीची पहिली नोंद त्यांच्या हातची आहे.

दार काकूंनी उघडलं. आत नेण्याआधीच हळू सांगितलं, म्हणजे सांगितलं असावं, मी 'काय?' म्हटल्यावर पुन्हा सांगितलं, की हल्ली त्यांच्या काही लक्षात राहत नाही. सकाळी काय खाल्लं ते दुपारी ठाऊक नसतं. मला ओळखलं मात्र. "माळ्यावरची पोरगी," म्हणाले. पहिली अकरा वर्षं आमचं ऑफिस हॅमर विभागाच्या डोक्यावरच्या माळ्यावर होतं. खाली तापलेल्या लोखंडावर एक टनी हॅमर पडायचा आणि वर टेबलावरच्या पेल्यात पाणी नाचायचं. मी पन्नाशी ओलांडली तरी त्यांच्यासाठी पोरगीच.

अडतीस लाख चाळीस हजार कशाचे, असं विचारलं. त्यांनी खूप विचार केला आणि मला विचारलं की तू जेवलीस का. पुन्हा विचारलं. पुन्हा जेवणाचंच. निघताना काकूंचे डोळे भरले होते. मी त्यांना म्हटलं, काळजी करू नका, मी शोधेन. येताना बसमध्ये वाटलं, काकूंना कशाची काळजी आणि मी कशाचा धीर देत होते.

१६ मे, सोमवार

आजचा दिवस मोठा. सगळं लिहायलाच हवं.

सकाळी चौदा वर्षांपूर्वीच्या हिशेबांच्या बांधीव गठ्ठ्यातून एक कागद निघाला. गुरुजींच्या अक्षरात अकरा रकमा, खाली बेरीज ३८,४०,०००. मथळा नाही, नावं नाहीत, काहीच नाही. रकमाही गोल नाहीत, कुठे २,५५,०००, कुठे ४,६०,०००. नवी म्हणाली, म्हणजे एक आकडा बेवारस होता, आता अकरा झाले. तिला विनोद जमतो. मी हसले, पण मनातून खट्टू झाले.

संध्याकाळी कागद घेऊन पुन्हा गुरुजींकडे. ते खिडकीपाशी बसले होते. कागद हातात दिला तर उलटा धरला. मग मीच वाचायला लागले, आशेने नाही, काहीतरी करायचं म्हणून. चार लाख वीस हजार. ते खिडकीबाहेर बघत होते. तीन लाख दहा हजार. काही नाही. मग वाचलं, चार लाख साठ हजार.

"हॅमरमामा," ते म्हणाले. "दोन्ही कान."

मी थांबले. पुढची रक्कम वाचली, दोन लाख पंचावन्न.

"क्रेनवाला. डावा. उजवा शाबूत होता, म्हणून थोरले साहेब दोनच म्हणत होते. मी पंचावन्न वाढवून घेतले."

अकराच्या अकरा सांगितल्या. भट्टीवाला, कटिंगवाला, साचेवाला, दोघे भाऊ जे एकाच हॅमरवर आलटून पालटून असायचे. कोणता कान, किती वर्षं विभागात, घरी खाणारी तोंडं किती. आवाजाने बहिरे झालेल्या माणसांची भरपाई होती ती. धाकट्यांच्या वडिलांनी, थोरल्या साहेबांनी, कबूल केली होती, नोकरी सुटताना द्यायची म्हणून. गुरुजींनी एकेकासाठी तीन दिवस भांडून रक्कम ठरवली होती. सकाळचा चहा त्यांना आठवत नाही. पण या रकमा त्यांच्या मनात नुसत्या रकमा म्हणून कधी राहिल्याच नव्हत्या.

काकू दारात उभ्या होत्या. गुरुजींना इतकं सलग बोलताना त्यांनी वर्षभरात ऐकलं नव्हतं. मला तर एकेक शब्द स्पष्ट ऐकू आला. जुन्या माणसांचे उच्चारच वेगळे. हॅमरच्या वर बोलायची सवय.

१७ मे, मंगळवार

लेखापरीक्षकांनी माझा फुगा फोडला. ज्या माणसाला आजची तारीख सांगता येत नाही त्याची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, म्हणाले. मुदतीआधी कागद आणा. राग आला, पण त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. मनात शंका येऊन गेली की गुरुजींनी हे रचलं तर नसेल? आजारी मन गोष्टी जुळवतं म्हणतात. मग वाटलं, रचलेल्या गोष्टीत 'पंचावन्न वाढवून घेतले' असले बारकावे येत नाहीत. पण हाही पुरावा नव्हेच.

२१ मे, शनिवार

सुट्टीच्या दिवशी मी आणि नवी तळघरात. जुन्या कामगारांच्या फायली नावानुसार आहेत, आणि आम्हाला नावंच माहीत नव्हती. आता नावं होती. हॅमरमामांची फाइल अकराव्या खोक्यात मिळाली. आत कानाच्या तपासणीचा तक्ता, आणि त्यामागे टाचलेला करार. थोरल्या साहेबांची सही, मामांचा अंगठा नाही, चांगली वळणदार सही. रक्कम ४,६०,०००.

दुपारपर्यंत नऊ करार मिळाले, चारपर्यंत अकरा. एकही रक्कम चुकली नव्हती. कटिंगवाल्याचा मात्र गुरुजींनी डावा कान सांगितला होता, तक्त्यावर उजवा निघाला. मला बरंच वाटलं. इतकं अचूक असतं तर भीती वाटली असती.

तक्ते वाचायला नवीने शिकवलं, तिने आधीच कुठूनतरी शोधून वाचून ठेवलं होतं. तिथेही तेच. नुसतं '७०' म्हणजे काही नाही. कोणता कान, कोणत्या पट्टीचा आवाज, किती डेसिबल, कोणत्या दिवशी. सगळं लिहिलं की माणूस उभा राहतो. सगळ्यांच्या तक्त्यांवर रेघ सारखीच होती. सुरुवातीला सपाट, आणि बारीक आवाजांकडे जाताना दरीत कोसळलेली. नवी म्हणाली, आधी बायकांचे, मुलांचे आवाज जातात, आणि फोनवरचे शब्द. माणसाला वाटतं, समोरचेच पुटपुटतात.

किती वाईट. बिचाऱ्यांना कळतही नसेल.

तीनचा चहा घेताना नवी माझ्याकडे बराच वेळ बघत होती. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण सांगितलं नाही. पगारवाढ हवी असेल. देववीन.

२३ मे, सोमवार

अकरापैकी सात निवृत्त झाले आहेत, त्यातले दोन वारले. चौघे अजून कामावर. सातांपैकी कुणालाच पैसे मिळालेले नाहीत. का? थोरले साहेब अचानक गेले, ऑफिस माळ्यावरून नव्या इमारतीत आलं, फायली तळघरात गेल्या, आणि गुरुजींनंतर त्या ओळीला विचारणारं कुणी उरलं नाही. मी होते, पण मी खूण करत होते.

आज हॅमरमामांच्या घरी गेले. उंच, वाळलेला माणूस. सुनेने वहीवर लिहून माझं येणं समजावलं. मी विचारलं, निवृत्त होताना पैसे मागितले का नाहीत? तेही वहीवर लिहिलं. मामांनी वाचलं आणि म्हणाले, "मागितले होते, बाई. पगाराच्या खिडकीवरचे साहेब काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटली."

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. खिडकीवर आमच्याच विभागाचा माणूस होता.

२४ मे, मंगळवार

करारात अट आहे की माणूस हयात असेल तर पैसे देताना कानाची ताजी तपासणी जोडावी. म्हणून सुरुवातीला मामांना घेऊन कानाच्या दवाखान्यात. काचेची बंद खोली बघून ते बिचकले. तिथल्या तंत्रज्ञ बाईंना मी म्हटलं, आधी मी बसते, त्यांना बघू दे. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं.

सुरुवातीला ठीक चाललं. मग यंत्रच बंद पडलं असावं. कितीतरी वेळ काहीच नाही, आणि काचेपलीकडे बाई आपल्या खुंट्या फिरवतायत. मी हात करून सांगितलं, बंद आहे. त्या हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाल्या की सवडीने वेळ घेऊन स्वतःसाठी या. हल्ली दवाखान्यांनाही गिऱ्हाईक शोधावं लागतं. मी म्हटलं, सध्या अहवालाची घाई आहे.

मामा मात्र नीट बसले. रिपोर्ट मिळाला.

२७ मे, शुक्रवार

धाकट्या साहेबांसमोर अकरा फायली ठेवल्या. लेखापरीक्षक होते, नवीही. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, आणि तो रास्तच होता, की बँकेला नफ्याचा अंदाज कळवून झालाय, आता काय सांगायचं? मी म्हटलं, खरं सांगायचं. नफा तेवढाच आहे जेवढा होता. हे पैसे आपले कधीच नव्हते.

त्यांनी वरची फाइल उघडली. वडिलांची सही बघितली.

"बाबांनी मला सांगितलं नाही."

"तुम्ही तेव्हा बाहेर शिकत होतात."

त्यांनी लेखापरीक्षकांकडे पाहिलं. ते म्हणाले, आता हात लावता येणार नाही, हे पक्कं देणं आहे. मग सगळं पटापट झालं. चौदा वर्षं एक होती त्या ओळीच्या दोन झाल्या. निवृत्त झालेल्या सातांचे २६.६० लाख, ताबडतोब द्यायचे. कामावरच्या चौघांचे ११.८० लाख, पुढे द्यायचे. टॅग, 'कामगारांच्या लाभांची तरतूद'. खाली टीप, श्रवणहानीची भरपाई, अकरा व्यक्ती. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. उशिराचं व्याज किती ते संचालकांपुढे मांडायचं आहे. तो पुढचा झगडा, आणि मी तोही जिंकणार.

३० मे, सोमवार

पावणेपाचला अहवाल भरला. नऊशे अठरा आकडे. पाचला पोच आली, एकही त्रुटी नाही. नवी खुर्चीतून उठून नाचली. धाकटे साहेब दारात येऊन काहीतरी म्हणाले, कौतुकच असणार, मी मान डोलावली. नंतर नवीकडून कळलं की ते विचारत होते, बँकेचे कागद कधी देता. झालं. दिले लगेच.

६ जून, सोमवार

सातांचे धनादेश आज दिले. पाच जण स्वतः आले, दोघांच्या बायका. नवीने प्रत्येकासाठी मोठ्या अक्षरात रक्कम आणि कारण छापून ठेवलं होतं, म्हणजे कुणाला विचारायची लाज वाटायला नको. सुचलं तिचं तिला. साचेवाल्याच्या बायकोने कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, ते गेले तेव्हा आम्हाला वाटलं होतं, सगळे विसरले. मी तिला खोटा दिलासा दिला नाही. म्हटलं, विसरलोच होतो. गुरुजी तेवढे विसरले नव्हते.

उद्या काकूंकडे जाऊन हे सांगायचं आहे. गुरुजींनाही सांगेन, लक्षात राहो न राहो.

हॅमरमामा सगळ्यांत शेवटी थांबले. सून पावतीवर सही करत होती. बाहेर ट्रक भरत होते, लोखंडाचा खणखणाट चालला होता. मामा माझ्यासमोर बसून माझ्याकडे बघत होते. मी त्यांना विचारत होते, पैशांचं काय करणार. मग ते म्हणाले, "बाई, राग मानू नका. तुम्ही माझ्या डोळ्यांकडे बघत नाही. तोंडाकडे बघता."

मी म्हटलं, म्हणजे?

"सगळ्यांच्याच. त्या मुलीच्या, साहेबांच्या. दवाखान्यातही बघितलं. मी काचेतून बघत होतो. यंत्राचा दिवा लागत होता, बाई. तुम्ही बटण दाबत नव्हता."

सुनेचं पेन थांबलं. नवी खाली बघायला लागली. तिला माहीत होतं. चिठ्ठ्या, उजवीकडची खुर्ची, सगळं त्यातलंच. आमच्या ह्यांनाही माहीत असणार. मला एकदम अकरा वर्षांचा तो माळा आठवला. पण रडू आलं नाही. आला तो राग, आणि तोही माझाच. एकूण एक आकड्याला विचारलं की तू कुणाचा, कधीचा. आणि घरातल्या माणसांना म्हणत राहिले, मोठ्याने बोला.

मी वही ओढून लिहिणार होते, पण मामा तोंडाकडे बघत होते, म्हणून सावकाश बोलले. विचारलं, स्वतःशी कबूल करायला तुम्हाला किती वर्षं लागली?

त्यांनी बोटांवर मोजलं.

"नऊ."

मी टेबलावरून फोन उचलून नवीच्या हातात दिला आणि म्हटलं, त्या दवाखान्यात लाव आणि माझ्यासाठी वेळ घे. उद्याची मिळाली तर उद्याची. मला नऊ वर्षं नाही लावायची.